कोठडी क्रमांक १७: एका अमेरिकी गावाने आपल्या आयरिश फाशींचं काय केलं

पेनसिल्व्हेनियात लीहाय नदीच्या अरुंद खोऱ्यात, दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर आल्यासारखे दिसतात अशा जागी, एक टुमदार गाव आहे. एकाला एक चिकटलेल्या जुन्या रंगीत इमारती, टेकडीवर रेल्वे-कोळशाच्या धनिकांचे वाडे आणि शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड. गावाचं आजचं नाव जिम थॉर्प. १९५४ पर्यंत ते मॉक चंक होतं. त्याच्या वेस्ट ब्रॉडवे रस्त्यावर जुना दगडी जिल्हा तुरुंग आहे. १८७१ मध्ये बांधून झालेला हा तुरुंग १९९५ मध्ये बंद पडला. तो एका कुटुंबाने विकत घेतला आणि त्याचं संग्रहालय केलं. तिकीट काढून आत जाणाऱ्या बहुतेकांना एकच गोष्ट पाहायची असते: १७ नंबरच्या कोठडीच्या भिंतीवरचा हाताचा पंजा.

आख्यायिका अशी. फाशीला नेण्याआधी एका आयरिश कैद्याने जमिनीवरच्या धुळीत तळहात घासला, भिंतीवर दाबला आणि म्हणाला, मी निर्दोष आहे, याची साक्ष म्हणून हा ठसा इथे कायम राहील. पुढे एका शेरीफने म्हणे भिंतीचा तेवढा भाग काढून नवा गिलावा केला, दुसऱ्याने रंग फासला; ठसा पुन्हा उमटला. कैदी कोण, यावर मात्र एकमत नाही. कुणी अलेक्झांडर कॅम्पबेल म्हणतं, कुणी थॉमस फिशर. कोठडीत फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे कुतूहल आणखीच वाढतं.

पंजा खरा की बनावट, यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही. मला या प्रकरणात वेगळ्याच गोष्टीचं नवल वाटतं. १८७० च्या दशकात खाणपट्ट्यातल्या खुनांसाठी चाललेल्या ज्या ‘मॉली मग्वायर्स’ खटल्यांतून इथे सात आयरिश माणसं फासावर गेली, त्यांच्या साक्षी, भाषणं, वर्तमानपत्रांतले वृत्तांत सगळं शाबूत आहे. तरीही गावाच्या आयरिश वारशाचा सगळा भार भिंतीवरच्या एका डागावर कसा येऊन पडला?

कोळसा, कालवा आणि हाताखालचे मजूर

मॉक चंक हे कंपनीने वसवलेलं गाव. १८१८ मध्ये जोसाया व्हाइट आणि अर्स्किन हॅझर्ड या दोघांनी इथून अँथ्रासाइट, म्हणजे कडक दगडी कोळसा, नदीवाटे फिलाडेल्फियाला पाठवण्याचा उद्योग मांडला. त्यांच्या लीहाय कोल अँड नॅव्हिगेशन कंपनीने १८२७ मध्ये वरच्या समिट हिल खाणीपासून नदीपर्यंत उताराची रेल्वे टाकली. भरलेल्या गाड्या स्वतःच्या वजनाने घरंगळत खाली येत. खेचरंही एका गाडीत उभी राहून त्या गाड्यांमागे उतरत आणि मग रिकाम्या गाड्या वर ओढून नेत. या सुखाची चटक लागल्यावर खेचरं पायी खाली यायला अजिबात तयार होत नसत, असं सांगतात. पुढे कोळशाची वाहतूक दुसरीकडून सुरू झाली आणि याच मार्गावर लोक पैसे मोजून, हौसेने, किंचाळत खाली येऊ लागले. पर्यटन या गावाच्या अंगात तेव्हापासूनचं आहे.

कालवे खोदायला, रेल्वेची भर घालायला आयरिश लोक आधीपासून येत होते. १८४५ ते १८४९ च्या दुष्काळानंतर लोंढा आला. या खाणपट्ट्यात आयर्लंडच्या डोनेगॉल परगण्याचे, त्यातही पश्चिम डोनेगॉलचे पुष्कळ. त्यांतल्या अनेकांच्या घरात आयरिश भाषाच बोलली जाई. शेतीवर वाढलेल्या या माणसांना खाणकामाचा गंध नव्हता. उलट वेल्स आणि इंग्लंडमधून आलेले लोक हा धंदा शिकूनच बोटीत बसले होते. त्यामुळे खाणीत एक उतरंड तयार झाली. कोळशाच्या थराला सुरुंग लावणारा कंत्राटी खाणकामगार बहुधा वेल्श किंवा इंग्रज. फुटलेला कोळसा गाडीत भरणारा त्याच्या हाताखालचा मजूर बहुधा आयरिश. मजुराची मजुरी कंपनी देत नसे, खाणकामगार आपल्या कमाईतून देई. म्हणजे जातभाईपणाचं भांडण आणि पैशाचं भांडण रोज एकाच बोगद्यात, दोन हातांच्या अंतरावर. त्यावर मुकादम आणि सुपरिंटेंडंट, तेही बहुतेक वेल्श, इंग्रज किंवा स्कॉटिश. कुणाला चांगली जागा द्यायची, कुणाच्या गाडीत दगड जास्त म्हणून वजन कापायचं, कुणाचं नाव काळ्या यादीत टाकायचं, हे त्यांच्या हातात. किराणाही अनेक ठिकाणी कंपनीच्याच दुकानातून, पगारातून वळता करून.

धोका मात्र सगळ्यांना सारखा होता. ६ सप्टेंबर १८६९ रोजी अ‍ॅव्हनडेल खाणीत आग लागली. वर-खाली जायला एकच विहीर, आणि तिच्या तोंडावरच कोळसा फोडण्याचं लाकडी घर, तेच पेटलं. ११० माणसं गेली, बहुतेक वेल्श. त्यानंतर १८७० मध्ये राज्याने खाणसुरक्षेचा कायदा केला.

जॉन सायनी या आयरिश माणसाने १८६८ मध्ये उभी केलेली वर्किंगमेन्स बेनेव्हलंट असोसिएशन ही संघटना हे या पट्ट्यातलं सगळ्यात समजूतदार पाऊल होतं. तिच्यात वेल्श, इंग्रज आणि आयरिश एकत्र होते. संघटनेचा जोर होता तोवर सुपरिंटेंडंटांचे खून थंडावले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. फिलाडेल्फिया अँड रीडिंग रेल्वेचा अध्यक्ष फ्रँकलिन गोवेन याने कोळशाच्या लाखभर एकर जमिनी घेतल्या, खाणमालकांची मोट बांधली आणि जानेवारी १८७५ मध्ये पगारकपात पुढे केली. सहा महिने संप चालला. जूनमध्ये माणसं उपाशीपोटी कामावर परतली आणि संघटना संपली. त्यानंतरच्या तीनच महिन्यांत या पट्ट्यात एकामागून एक खून पडले.

खून कसे होत

मॉली मग्वायर्स हे नाव आयर्लंडमधल्या जमीनदारांविरुद्धच्या गुप्त टोळ्यांचं. रात्री बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळं फासून हल्ला करणारे हे लोक. पेनसिल्व्हेनियात त्या नावाची नोंदणीकृत संस्था कधीच नव्हती. होती ती एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स, आयरिश कॅथलिकांची उघड, कायदेशीर मदतसंस्था. तिच्या काही स्थानिक शाखांचे प्रमुख आणि त्यांच्या भोवतीची माणसं मारहाण, धमक्या आणि खुनांत गुंतलेली होती. सगळे हायबर्नियन्स खुनी, हे कंपनीच्या वकिलांचं म्हणणं तद्दन खोटं. पण खून झालेच नाहीत, सगळी कंपनीची रचना, हे आज काही अभिमानी वंशज म्हणतात तेही टिकत नाही.

पद्धत अशी की एका गावच्या शाखेने दुसऱ्या गावच्या शाखेकडे माणसं मागायची. अनोळखी चेहरे येत, काम उरकत, निघून जात. कधीतरी उपकाराची फेड करावी लागे. ६ जुलै १८७५ च्या पहाटे टमाक्वात बेंजामिन योस्ट हा पोलीस शिडीवर चढून रस्त्यावरचा दिवा विझवत होता, तेव्हा त्याला गोळी घातली गेली. त्याच्या मोबदल्यात लॅन्सफर्डचा सुपरिंटेंडंट जॉन जोन्स हवा होता. त्याने काळ्या यादीत टाकलेली माणसं होती. ३ सप्टेंबरला सकाळी कामावर जाताना जोन्स मारला गेला. मायकेल डॉयल, एडवर्ड केली आणि त्यांना वाट दाखवणारा जेम्स केरिगन हे तिघेही त्याच दिवशी टमाक्वाजवळ पकडले गेले.

हिशेब एकाच बाजूचा नव्हता. १० डिसेंबर १८७५ च्या पहाटे विगन्स पॅच या खाणवस्तीत मुखवटे घातलेले लोक ओडॉनेल कुटुंबाच्या घरात शिरले. चार्ल्स ओडॉनेल आणि त्याची गरोदर बहीण एलन मॅकॅलिस्टर ठार झाली. या खुनांसाठी कुणाला शिक्षा झाली नाही. गोवेनने पैसे देऊन नेमलेला पिंकर्टन एजन्सीचा गुप्तहेर जेम्स मॅकपार्लन, स्वतः आर्माहचा आयरिश कॅथलिक, दोन वर्षं जेम्स मॅकेना या खोट्या नावाने हायबर्नियन्समध्ये वावरत होता. बाई मारल्याचं कळताच तो एवढा भडकला की त्याने राजीनामा देण्याची भाषा केली. आपण पुरवलेली नावं कुठे पोचली, असा प्रश्न त्याच्याच मनात आला असणार.

खटला कुणाचा होता

डॉयलचा खटला जानेवारी १८७६ मध्ये मॉक चंकमध्ये उभा राहिला. मला वाटतं, गावाच्या आयरिश इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा महिना तो हाच. फिर्याद राज्याची, पण ती चालवायला पुढे होते जनरल चार्ल्स आल्ब्राइट. यादवी युद्धातला लष्करी गणवेश घालून ते न्यायालयात उभे राहत, आणि वकील होते लीहाय अँड विल्क्स-बार कोल कंपनीचे. शेजारी लीहाय व्हॅली रेल्वेचा आणि रीडिंग रेल्वेचा वकील. सरकारी वकील नावाला होते. ज्यूरीत आयरिश कॅथलिक एकही नाही. जर्मन वंशाचे पुष्कळ, त्यांतल्या काहींचं इंग्रजीही कच्चं.

डॉयलच्या खटल्याच्या सुमारास केरिगन फुटला आणि माफीचा साक्षीदार झाला. त्याची कबुली मिळाली आणि अटकेची साखळी सुरू झाली. पुढे योस्टच्या खटल्यात केरिगनच्याच बायकोने, योस्टला मारलं ते माझ्या नवऱ्याने, अशी साक्ष दिली. तरीही केरिगन सुटला. त्याने नावं घेतलेली माणसं फासावर गेली. मॅकपार्लनचं बिंग मार्चमध्ये फुटल्यावर तोही पुढच्या खटल्यांत साक्षीला उभा राहिला.

अटक करणारे कोण? कोल अँड आयर्न पोलीस. राज्याने १८६० च्या दशकात कायदा करून कंपन्यांना स्वतःचे पोलीस ठेवायची मुभा दिली होती. एका नेमणुकीची फी एक डॉलर. या पोलिसांचा कॅप्टन रॉबर्ट लिंडन हा त्याच वेळी पिंकर्टन एजन्सीचाही अधिकारी होता. तपास करणारा आणि बेड्या ठोकणारा, दोघांचा धनी एकच.

अलेक्झांडर कॅम्पबेलचं प्रकरण यात सगळ्यात अवघड. तो डोनेगॉलच्या डंग्लोचा, १८६८ मध्ये आलेला. आधी टमाक्वात आणि मग लॅन्सफर्डच्या बाजूला गुत्ता चालवणारा, हायबर्नियन्समधला वजनदार माणूस. जोन्सच्या आणि १८७१ मध्ये समिट हिलला मारल्या गेलेल्या मॉर्गन पॉवेलच्या, अशा दोन खुनांच्या कटाचा आरोप त्याच्यावर आला. दोन्ही वेळा तो जागेवर नव्हता. कट त्याच्या गुत्त्यात शिजला, हे सरकारी पक्षाचं म्हणणं होतं आणि त्याचा मुख्य आधार फुटलेले साथीदार आणि पगारी हेर. शिक्षा मात्र प्रत्यक्ष मारेकऱ्याएवढीच. कॅम्पबेल निरपराध होता असं मी म्हणणार नाही; त्याला काही माहीत नव्हतं, हे पटणं कठीण आहे. पण ज्या पुराव्यावर त्याला फाशी झाली, तो तपासून पाहणारं तटस्थ असं त्या न्यायालयात कुणीच नव्हतं.

शंभराहून जास्त वर्षांनी, मॉक चंक ज्या जिल्ह्यात येतं त्या कार्बन काउंटीचे न्यायाधीश जॉन लाव्हेल यांनी हे खटले अभ्यासले आणि हाच निष्कर्ष काढला. खासगी कंपनीने खासगी हेरांकडून तपास करवला, खासगी पोलिसांनी पकडलं, कंपनीच्या वकिलांनी खटला चालवला. राज्याने काय दिलं तर न्यायालयाची खोली आणि फाशीचा खांब. राज्याने आपली सत्ताच सोडून दिली होती, असं त्यांचं मत. वंशजांच्या मेळाव्यातल्या भाषणापेक्षा मला या मताचं वजन जास्त वाटतं, कारण ते त्याच न्यायपीठावर बसलेल्या माणसाचं आहे.

२१ जून १८७७

त्या गुरुवारी पेनसिल्व्हेनियात दहा आयरिश माणसं फासावर गेली. सहा शेजारच्या काउंटीतल्या पॉट्सव्हिलला, चार मॉक चंकला: कॅम्पबेल, डॉयल, केली आणि जॉन डॉनाह्यू. सार्वजनिक फाशी या राज्याने १८३४ मध्येच बंद केली होती, त्यामुळे सोहळा तुरुंगाच्या आत, कोठड्यांच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेत. खांब चौघांना एकदम लटकवता येईल असा होता. म्हणजे उरलेल्या कैद्यांना आपापल्या कोठडीतून ठोकाठोक ऐकू येत असणार. आज त्याच जागी त्या खांबाची प्रतिकृती उभी आहे.

मार्च १८७८ मध्ये थॉमस फिशर गेला. १४ जानेवारी १८७९ रोजी जेम्स मॅकडॉनेल आणि चार्ल्स शार्प यांची पाळी होती. गव्हर्नर हार्टरॅन्फ्ट यांनी फाशी पुढे ढकलल्याची तार पाठवली होती. ती घेऊन आलेला माणूस तुरुंगाचं दार ठोठावत होता आणि आत फळी खाली गेली. काही क्षणांचा उशीर. पंज्याची कथा सांगणाऱ्यांनी ही हकिकत मागे का ठेवावी, मला कळत नाही. इथे भूत नाही, चमत्कार नाही, आणि तरी अंगावर काटा येतो.

सगळ्या पट्ट्यात मिळून वीस जण फासावर गेले, त्यांतले सात याच इमारतीत.

विसरणं आणि विकणं

पुढची दोन-तीन पिढ्या आयरिश घरांतून या विषयावर कुणी फारसं बोलत नसे. ते समजण्यासारखं आहे. फिलाडेल्फियाचे आर्चबिशप वुड यांनी मॉलींना चर्चबाहेर काढलं होतं. खुनी म्हणून बदनामी एका बाजूला आणि कुणाच्या घराण्यात फितूर निघाला हा संशय दुसऱ्या बाजूला. शेजारपाजारी सगळे त्याच वस्तीतले. मारलेल्याचे, मारणाऱ्याचे आणि साक्ष देणाऱ्याचे नातेवाईक एकाच चर्चमध्ये रविवारी भेटत.

१९५० च्या सुमारास कोळसा संपत आला, रेल्वे आटली आणि मॉक चंक ओस पडू लागलं. तेव्हा स्थानिक संपादक जो बॉइल याने कल्पना काढली की प्रत्येकाने आठवड्याला एक निकल, म्हणजे पाच सेंट, गावासाठी द्यायचा. याच धडपडीतून गावाने १९५४ मध्ये एक अजब सौदा केला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधला विजेता, मूळनिवासी खेळाडू जिम थॉर्प १९५३ मध्ये वारला होता. त्याची तिसरी पत्नी दफनासाठी जागा शोधत होती. मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक यांनी एकत्र येऊन त्याचं नाव घेतलं आणि त्याचं शव आणून समाधी बांधली. थॉर्प हयातीत या गावात राहिलेला नव्हता. त्याच्या मुलांनी पुढे शव परत मिळावं म्हणून दावा लावला. २०१३ मध्ये जिंकले, २०१४ मध्ये अपिलात हरले, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

हे विषयांतर वाटेल, पण माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. वारसा म्हणजे पर्यटक खेचणारी वस्तू, हे या गावाने एकदा ठरवून टाकलं होतं. त्यासाठी परका मृतदेह आणायलाही त्याची हरकत नव्हती, आणि स्वतःचे सात मृतदेह मात्र पुसायचे होते. चाळीस वर्षांनी तुरुंग बंद होऊन संग्रहालय झालं, तेव्हा हाच हिशेब आयरिश इतिहासाला लागला. चमत्कार विकला जातो. साथीदाराच्या साक्षीला किती वजन द्यावं, हा प्रश्न विकला जात नाही. संग्रहालयातले मार्गदर्शक खटल्याची हकिकतही सांगतात, हे खरं. पण बाहेर पडणारा माणूस बोलतो ते पंज्याबद्दलच. एका कुटुंबाने पदरमोड करून इमारत वाचवली, नाहीतर आज तिथे काय असतं सांगता येत नाही. म्हणून त्यांना दोष देणं मला पटत नाही. दोष द्यायचा तर काउंटीला. ज्यांनी खटला चालवला, फाशी दिली, त्यांनी इमारत विकून हात झटकले.

पंज्याने आणखी एक घोटाळा केला. तो प्रश्नच असा मांडतो की माणूस निर्दोष होता की नव्हता. ठसा उमटला म्हणजे निर्दोष, पुसला गेला असता तर दोषी. सातांपैकी काही जण दोषी असण्याची दाट शक्यता आहे आणि तरीही सातही खटले सदोष होते, हे या साच्यात बसतच नाही.

शेजारच्या स्कूलकिल काउंटीत गाडी थोडी वेगळ्या वाटेने गेली. जॅक केहो, ज्याला फिर्यादींनी मॉलींचा राजा म्हटलं, तो १८६२ च्या एका खुनासाठी डिसेंबर १८७८ मध्ये पॉट्सव्हिलला फासावर गेला. विगन्स पॅचला मारली गेलेली एलन ही त्याची मेहुणी. त्याच्या पणतूने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. भुताखेतांच्या वाटेला न जाता त्याने खटल्याची कागदपत्रं पुढे केली. जानेवारी १९७९ मध्ये गव्हर्नर मिल्टन शॅप यांनी केहोला मरणोत्तर माफी दिली. महानॉय सिटीत २०१० मध्ये मॉलींसाठी छोटं उद्यान झालं. तिथे फाशीच्या फळीवर डोक्यावर टोपडं ओढलेला एक माणूस उभा आहे. शिल्पकार झेनोस फ्रुडाकिस. चेहरा झाकलेला असल्याने तो कॅम्पबेलही असू शकतो, डॉयलही आणि ज्याने खरोखर गोळी झाडली तोही. पंज्यापेक्षा हे शिल्प मला कितीतरी प्रामाणिक वाटतं.

१९७९ ची माफी एकट्या केहोची आहे. मॉक चंकच्या तुरुंगात गेलेल्या सातांचा तिच्यात समावेश नाही. त्यांच्यासाठी सरसकट माफी मागणं मला योग्य वाटत नाही. डॉयल आणि केली यांच्याविरुद्धचा पुरावा आणि कॅम्पबेलविरुद्धचा पुरावा एका तराजूत घालता येत नाही. एकेक खटला वेगळा काढून वाचावा लागेल, आणि हे काम काउंटीच्या वकीलमंडळींनीच हाती घेतलं तर त्याला अर्थ येईल. तोवर प्रत्येक कोठडीच्या दारावर एक साधी पाटी लावता येईल: आरोप काय होता, फिर्यादीचा वकील कुठल्या कंपनीचा, मुख्य साक्षीदार कोण आणि साक्षीनंतर त्याचं काय झालं. आणि त्याच भिंतीवर पॉवेल, योस्ट, जोन्स, चार्ल्स ओडॉनेल आणि एलन मॅकॅलिस्टर ही नावंही.